जोडपत्र क्रमांक ४ : माझंच कात्रण आणि आपले ३१ गुलमोहर

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आपल्या गावातल्या रस्त्याबद्दल आहे आणि तिच्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती चूक मी पेपरात छापली होती, म्हणून कबुलीही चारचौघांत द्यायला हवी. वेळ काढून वाचा. शेवटी एक कामही सांगितलंय.

गेल्या सोमवारी सकाळी स्टँडवरून जुन्या जकात नाक्याकडे निघालो होतो. तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात हा रस्ता कसा दिसतो. दोन्ही बाजूंनी गुलमोहर पेटलेले, खाली पाकळ्यांचा सडा, त्यावरून रिक्षा जातात तेव्हा चाकाखाली लाल चिखल होतो. त्या दिवशी प्रत्येक बुंध्यावर एक पांढरा कागद चिकटवलेला दिसला. गाडी स्टँडला लावली आणि वाचला.

नगरपालिकेची नोटीस. 'रस्ता रुंदीकरण व काँक्रीटीकरणास अडथळा ठरणारे वृक्ष'. एकूण ३१ झाडं. वृक्षाचा प्रकार : गुलमोहर (विदेशी). अंदाजे वय : २० वर्षे. हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी.

३१ च्या ३१ झाडांचं वय २० वर्षे! मी चाळिशी ओलांडलेला माणूस. पहिलीत असताना याच झाडांखालून दप्तर घेऊन शाळेत जायचो. कळ्यांची हिरवी सालं नखांना चिकटवून मुली चेटकीण व्हायच्या, आम्ही वाळक्या शेंगांच्या तलवारी करून एकमेकांच्या पाठी सडकायचो. फुलातली ती एक वेगळी पाकळी, पांढरट आणि लाल ठिपक्यांची, आंबट लागते म्हणून मिटक्या मारत खायचो. तेव्हाही ही झाडं चांगली मोठी होती. मग ती वीस वर्षांची कशी?

बातमीदाराची सवय, थेट पालिकेत गेलो. संबंधित साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, हे आधीच सांगतो. फाईल मागितली, त्यांनी कुरकुर न करता पुढ्यात ठेवली. प्रस्ताव, नकाशा, झाडांची यादी, अंदाजपत्रक. आणि सगळ्यात शेवटी 'जोडपत्र क्रमांक ४'.

जोडपत्र क्रमांक ४ म्हणजे पेपरचं एक कात्रण. २०१७ सालचं. वर ठळक अक्षरात माझं नाव.

मथळा होता 'परदेशी पाहुण्यांना आवरा!' आणि त्यातल्या चार ओळी कुणीतरी पिवळ्या हायलाइटरने रंगवल्या होत्या. साहेब हसत म्हणाले, "तुम्हीच तर लिहिलंय, पत्रकारसाहेब. आम्ही फक्त तुमचं ऐकलं."

मला हसता आलं नाही.

त्या लेखाची गोष्ट सांगतो. २०१६ पासून राज्यात वृक्षलागवडीच्या मोठमोठ्या मोहिमा सुरू झाल्या होत्या, आठवत असेल. पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. गावोगावी खड्डे, फोटो, फलक. आपल्याकडेही ट्रक भरून रोपं आली होती आणि त्यात बरीचशी शोभेची होती. मला राग आला. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, पळस सोडून हे काय लावताय, असं मला म्हणायचं होतं. म्हणणं बरोबरच होतं, आजही माझं तेच मत आहे.

पण लेख संध्याकाळी सात वाजता द्यायचा होता आणि जागा होती सहाशे शब्दांची. माझ्याकडे माहिती होती दोनशे शब्दांची. उरलेलं मी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून भरलं. खोटं कशाला बोलू, तसंच केलं. पत्रकारितेची पदविका घेताना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी तपासल्याशिवाय लिहायची नाही. पुढाऱ्याबद्दल लिहिताना मी तपासतो, कारण पुढारी नोटीस पाठवतो. झाड कुठे नोटीस पाठवणार?

हायलाइट केलेल्या त्या चार ओळी अशा होत्या. एक, गुलमोहर जमिनीतलं पाणी शोषून घेतो. दोन, गुलमोहरावर एकही पक्षी घरटं बांधत नाही. तीन, त्याच्याखाली काही उगवत नाही. चार, तो वादळात मोडून पडतो.

हा आठवडा मी या चार ओळी तपासण्यात घालवला. आठ वर्षं उशिरा.

पाणी शोषतो, हे मी गुलमोहराबद्दल कशाच्या आधारे लिहिलं? कशाच्याच नाही. निलगिरीबद्दलचा वाद मी उचलून गुलमोहराच्या गळ्यात घातला होता. गुलमोहर मुळात कोरड्या हवामानातलं झाड आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानं टाकून तो ओका होतो, ते पाणी वाचवण्यासाठीच. ही ओळ मी मागे घेतो.

पक्षी घरटं बांधत नाही, हे तर सपशेल खोटं निघालं. त्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, मान वर करायची गरज होती. तहसील कचेरीसमोरच्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं आहे, अगदी ढळढळीत. रसवंतीशेजारच्या झाडाच्या वाळलेल्या फांदीला खालच्या बाजूने एक गोल भोक आहे, बांगडीपेक्षा लहान. त्यात तांबट राहतो. 'टुक टुक टुक' असा भर दुपारी आवाज येतो ना, भांड्यावर हातोडी मारल्यासारखा, तोच तो. गुलमोहराचं लाकूड मऊ, त्याला कोरायला सोपं जातं. फुलांवर शिंजीर येतात. मी आठ वर्षं या रस्त्याने रोज गेलो आणि 'एकही पक्षी नाही' हे माझंच वाक्य मला खरं वाटत राहिलं.

खाली काही उगवत नाही, हे अर्धं खरं आहे. त्याची मुळं वरवर आणि लांबवर पसरतात, सावलीही रुंद पडते, त्यामुळे गवत-झुडपं फारशी येत नाहीत. शेताच्या बांधावर तो लावू नये, हे बरोबर. पण आपल्या रस्त्यावर त्याच्याखाली उगवणार होतं तरी काय? डांबर?

चौथी ओळ मात्र खरी आहे आणि ती मी मागे घेणार नाही. गुलमोहर झपाट्याने वाढतो, म्हणून लाकूड ठिसूळ. मुळं उथळ. म्हातारा झाला की खोड आतून पोकळ होतं. काही वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात जकात नाक्याजवळची मोठी फांदी चालत्या दुचाकीवर पडली होती, ती बातमीही मीच दिली होती. त्या मुलाचा हात वाचला, पण अजून पूर्ण सरळ होत नाही. झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

फक्त त्यावेळी एक गोष्ट मी बातमीत लिहिली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी फूटपाथच्या कामात या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं होतं आणि गटारासाठी जेसीबीने एका बाजूची मुळं तोडली होती. उथळ मुळांच्या झाडाची एक बाजूच कापली तर ते कशाच्या आधारावर उभं राहील? राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, तिथलं काँक्रीट काढा. आपल्या रस्त्यावर एक मीटर सोडा, एक वीतही मोकळी नाही. आधी मुळं तोडायची, मग झाड धोकादायक आहे म्हणून झाड तोडायचं. आणि या दोन कामांच्या निविदा वेगवेगळ्या.

आता त्या कंसातल्या शब्दाकडे येतो. '(विदेशी)'.

गुलमोहर विदेशी आहे, यात शंका नाही. तो मूळचा मादागास्करचा, आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात जे मोठं बेट आहे तिथला. मॉरिशसमध्ये काम करणारे वेन्सेस्लास बोजर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, मूळचे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले. त्यांनी या झाडाची ओळख करून दिली आणि १८२९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. तिथून बागांच्या हौशीपायी ते जगभरच्या उष्ण प्रदेशांत गेलं, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडेही आलं. शास्त्रीय नाव 'डेलोनिक्स रेजिया'. त्यातल्या 'रेजिया'चा अर्थ राजेशाही. आपण त्याला नाव दिलं गुलमोहर, आणि त्यातला 'मोहर' आपल्या कानाला थेट आंब्याच्या मोहराची आठवण करून देतो. साताऱ्यात तर दरवर्षी १ मे ला गुलमोहर दिन साजरा होतो. चित्रकार, कवी, गाणारे झाडाखाली जमतात. आपल्यापासून काही फार लांब नाही सातारा.

आणखी एक गोष्ट वाचताना कळली, ती मनातून जात नाही. जगभर रस्तोरस्ती दिसणारं हे झाड त्याच्या स्वतःच्या मुलखात मात्र रानात कमी होत चाललंय. मादागास्करची कोरडी जंगलं शेतीसाठी आणि कोळशासाठी तोडली जातात.

विदेशी म्हणून काढायचं म्हटलं तर मग यादी बरीच मोठी होईल. मिरची अमेरिका खंडातून आली, पोर्तुगीजांबरोबर. बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ हे सगळे तिकडचेच. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. देवळापुढचा देवचाफा मध्य अमेरिकेचा. चिंच फार पूर्वी आफ्रिकेतून आली. म्हणजे वदनी कवळ घेता म्हणून पानावर बसलो तरी निम्मं ताट विदेशी.

याचा अर्थ देशी-विदेशी हा फरकच नाही, असं मी म्हणत नाही. फरक आहे. घाणेरी विदेशी आहे आणि तिने आपली रानं व्यापून टाकलीत, तिच्यापायी देशी झुडपं मरतात. तिला आवरलंच पाहिजे. डोंगरावर, माळावर, देवराईत नवीन झाड लावायचं तर ते तिथलंच असावं, त्यावर आपल्याकडच्या किड्या-पाखरांचं पिढ्यान्‌पिढ्या पोट आहे. पण गुलमोहर घाणेरीसारखा रानात घुसताना दिसत नाही. त्याला जिथं लावलं तिथंच तो उभा राहिला. मी २०१७ ला हा फरक केला नाही. 'नवीन लावताना देशी लावा' हे वाक्य वेगळं आणि 'उभं आहे ते विदेशी म्हणून पाडा' हे वाक्य वेगळं. मला पहिलं म्हणायचं होतं. फाईलला दुसरं सोयीचं होतं. माझा लेख इतका ढिला होता की त्यातून दुसरंही काढता आलं.

बुधवारी मी या विषयावर चार ओळी फेसबुकवर टाकल्या. रात्री एक फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. त्यांनी नाव लिहू नको म्हणून सांगितलंय. म्हणाले, "उद्या सकाळी सहाला जकात नाक्यावर ये. कॅमेरा आणू नको."

गेलो. काका आधीच येऊन उभे होते, सायकल घेऊन. मला घेऊन ते शाळेकडून मोजत निघाले. एक, दोन, तीन. मध्ये जिथं झाडं पडून गेलीत त्या जागाही त्यांनी मोजल्या. सतराव्यापाशी थांबले आणि बुंध्यावर हात ठेवला. "हे माझं."

मग त्यांनी सांगितलं. १९७२ चा दुष्काळ. काका तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. वडील आणि आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, घरात सुकडी खाऊन पोरं शाळेत. या रस्त्याला तेव्हा एकही झाड नव्हतं, खडीचा रस्ता, तापायचा, आणि बहुतेक पोरं अनवाणी. हेडमास्तरांनी कुठूनतरी गुलमोहराच्या शेंगा आणल्या. बी इतकं टणक की तसंच पेरलं तर बरेच दिवस रुजतच नाही. म्हणून मास्तरांनी वर्गात स्टोव्हवर पाणी तापवलं, त्यात बिया भिजत घातल्या आणि पोरांना म्हणाले, घरून रिकामे डबे आणा. कुणी डालड्याचा आणला, कुणी फुटका तांब्या. १९७३ चा पाऊस लागला तशी रोपं रस्त्याच्या कडेला लागली. एका पोराला एक झाड. सुट्टीच्या दिवशीही पाणी घालायचं. नाही घातलं तर सोमवारी मास्तर विचारायचे, "तुझा भाऊ जेवला का रे काल?"

"म्हणून मला नंबर पाठ आहे," काका म्हणाले. "पुढं तीस वर्षं याच रस्त्यानं गाडी नेली. रोज सतरा नंबर बघायचो. ड्रायव्हर चेष्टा करायचा माझी."

थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "ते पेपरात तूच लिहिलं होतंस ना रे, पाहुणे म्हणून?"

मी हो म्हणालो.

"मी वाचलं होतं तेव्हा. वाटलं, शिकलेला पोरगा आहे, बरोबरच लिहीत असेल."

त्यांनी एवढंच म्हटलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मंडळी, वीस वर्षं या धंद्यात आहे. धमक्या आल्या, जाहिराती बंद झाल्या, एकदा गाडीच्या काचाही फुटल्या. पण 'बरोबरच लिहीत असेल' हे ऐकून जेवढा खजील झालो तेवढा कधीच झालो नव्हतो. मी जे सात वाजायच्या घाईत लिहिलं, ते या माणसाने आठ वर्षं खरं मानलं. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडाबद्दल.

काकांच्या आठवणीवर हरकत टिकणार नाही, कागद लागेल. म्हणून शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका बाईंनी जुनं कपाट उघडून दिलं. दोन तास धूळ खाल्ल्यावर शेरेबुक सापडलं. जुलै १९७३ मध्ये तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा, निळ्या शाईत : विद्यार्थ्यांनी रस्त्याच्या दुतर्फा गुलमोहराची रोपे लावली असून त्यांची निगा समाधानकारक आहे. खाली सही, तारीख. मी फोटो काढला, बाईंकडून सही-शिक्क्याची प्रतही घेतली.

आता त्या 'अंदाजे वय : २० वर्षे' या ओळीचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथं आहे.

झाडांबाबत आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. झाड तोडण्याआधी झाडावर नोटीस लावणं, स्थानिक वर्तमानपत्रात ती प्रसिद्ध करणं, हरकती घेणं, हे सगळं त्यात आहे. २०२१ मध्ये या कायद्यात बदल झाले. त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला, ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'वारसा वृक्ष' म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं, आणि ते तोडण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये अशी तरतूद आहे. दुसरा, एक झाड तोडलं तर त्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. वीस वर्षांचं तोडलं तर वीस. पन्नासचं तोडलं तर पन्नास.

आता गणित करा. ३१ झाडं, वय २० धरलं तर ६२० रोपं लावायची. वय ५१ धरलं तर १५८१. शिवाय ३१ च्या ३१ वारसा वृक्ष ठरतात. म्हणजे एका रकान्यात 'वीस' लिहिल्याने साडेनऊशेच्या वर रोपं वाचली आणि वारसा हा शब्दच फाईलमधून गेला.

हे कुणी मुद्दाम केलं, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय लिहिण्याची शिक्षा मी याच आठवड्यात भोगतोय. साहेब म्हणाले, एजन्सीने नजरेने अंदाज केला. असेलही. गुलमोहराचं वय नजरेने सांगणं अवघडच, तो लवकर फोफावतो. पण मग अंदाज चुकला तर तो नेमका कमीच कसा चुकतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

शुक्रवारी आपल्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सर माझ्याबरोबर आले. ३१ ही झाडं आम्ही पायी फिरून पाहिली. सर लाकडी मोगरीने खोड ठोकून बघत होते, पोकळ आहे की भरीव ते आवाजावरून कळतं म्हणाले. निकाल सांगतो, सगळाच सांगतो. सहा झाडं खरोखर वाईट आहेत. दोन पूर्ण पोकळ, तीन रस्त्याकडे झुकलेली, एकाच्या बुंध्याला बुरशीची छत्री आलीय. ती काढावी लागतील, पावसाळ्याआधी काढलेली बरी. त्यात काकांचं सतरा नंबरही आहे. मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्याचं झालंय वय. बाकीच्यांचं बघ."

उरलेली २५ झाडं. त्यांच्या काही फांद्या छाटाव्या लागतील, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडावं लागेल. पण पालिकेच्याच नकाशात बघितलं तर ही २५ झाडं गाड्या जाणाऱ्या पट्ट्यात येतच नाहीत, पार्किंगच्या पट्ट्यात येतात. म्हणजे रस्ता अडत नाहीये. चारचाकी लावायची जागा अडतेय.

आणि त्या सावलीत सध्या कोण आहे, तेही बघू. चपला दुरुस्त करणारे आबा, तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे दोघंजण, रसवंतीवाले, भाजी घेऊन बसणाऱ्या चार मावश्या, आणि बसची वाट बघणारी खेड्यावरची माणसं. पारा ४२ वर गेला की स्टँडच्या पत्र्याखाली थांबवत नाही. भाजीवाल्या मावशींना विचारलं, झाड गेलं तर काय करणार? त्या म्हणाल्या, "मेथी अकराला मान टाकंल आन्‌ मी बाराला." विदेशी सावली चालेल का, असं काही मी त्यांना विचारलं नाही.

पालिकेत सध्या नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत. त्यामुळे वॉर्डातल्या कुणा नगरसेवकाला गाठून प्रश्न विचारायला लावू, ही सोय नाही. हरकत आपणच घ्यायची. नोटीस सोमवारी लागली, मुदत येत्या सोमवारी संध्याकाळी संपते. आज शनिवार आहे.

माझी हरकत मी काल दिली, पोच घेतली. त्यात पाच मागण्या आहेत. सहा धोकादायक झाडं पावसाळ्याआधी रीतसर काढा, त्यात आडकाठी नाही. उरलेल्या २५ झाडांची वयं शेरेबुकाच्या आधारे दुरुस्त करून त्यांना वारसा वृक्ष म्हणून नोंदवा. त्यांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करा. काढलेल्या सहा झाडांच्या बदल्यात वयाच्या हिशेबाने जी झाडं येतील ती देशीच लावा, कडुनिंब, करंज, बहावा, आणि ती कुठं लावली त्याची यादी जाहीर करा. आणि पाचवी मागणी, जोडपत्र क्रमांक ४ प्रस्तावातून काढून टाका, कारण त्यातली माहिती चुकीची आहे, असं ती लिहिणारा माणूस स्वतः लेखी देत आहे.

ही पाचवी मागणी लिहिताना टेबलापलीकडचे क्लार्क म्हणाले, "असं कोण लिहून देतं का, साहेब? तुमचीच बदनामी." मी म्हटलं, पेपरात लेख छापून आला तेव्हा कात्रण घरी फ्रेम करून लावायच्या बेतात होतो. आता हेही लावीन शेजारी.

माझ्या पेपरकडेही मी दुरुस्ती पाठवली आहे. आठ वर्षांनी दुरुस्ती छापतात की नाही, बघू. नाही छापली तर ही पोस्ट हीच माझी दुरुस्ती समजा : गुलमोहर जमिनीतलं पाणी शोषून घेतो, हे मी कुठल्याही आधाराशिवाय लिहिलं होतं. गुलमोहरावर पक्षी घरटी बांधतात. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांची माफी मागतो.

आता तुमचं काम.

१९७३ ते १९७६ या काळात ज्यांनी या झाडांना पाणी घातलं असेल, त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी मला कळवा. कुणाकडे त्या रस्त्यावरचा जुना फोटो असेल, लग्नाच्या वरातीचा, गणपतीच्या मिरवणुकीचा, शाळेच्या प्रभातफेरीचा, ज्यात मागे झाडं दिसतात, तो शोधा. मागच्या बाजूला तारीख असेल तर उत्तमच. आणि हरकत लेखीच द्या, साध्या कागदावर, नाव, पत्ता, सही करून, आणि पोच घ्या. फेसबुकवरच्या लाइकला पालिकेत आवक क्रमांक मिळत नाही.

ज्यांना रस्ता रुंद व्हायला हवा आहे, पार्किंग हवं आहे, त्यांनीही लिहा. तुमचाही तो हक्क आहे आणि तुमचं म्हणणं मी छापीन. फक्त माझं २०१७ चं कात्रण जोडू नका.

सोमवारी सकाळी अकराला मी पालिकेच्या दारात आहे. कंडक्टर काकाही येणार आहेत. त्यांच्या वर्गातले आणखी चारजण त्यांनी शोधून काढलेत. एकाचा नंबर ९ आहे, एकाचा २२. या दोघांची झाडं अजून खणखणीत आहेत.